स्केटबोर्डच्या ट्रकची बुशिंग, नोंद तिसरी: खाली 94ए, वर 90ए

ट्रक म्हणजे फळीखालचा, चाकं धरणारा धातूचा भाग. बुशिंग म्हणजे त्यातली, वळताना दबणारी युरेथेनची (रबरासारखी) जाड कडी. 90ए, 94ए हे तिच्या कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकी ती कडक. मूळची 90ए जोडी नटाच्या जोरावर सुधारत नाही, हे आता पक्कं झालंय. नट सैल सोडला की वळताना चाक डेकला, म्हणजे फळीला, घासतं. आवळला की घासणं थांबतं, पण ट्रक वळायलाच तयार होत नाही. बुशिंग आधीच दाबलेलं असेल, तर पायाच्या दाबाला त्यात दबायला जागा कुठे उरते? म्हणून या वेळी कडकपणाच बदलला. खालचं, म्हणजे डेककडचं, बॅरल (नळकांडी आकाराचं बुशिंग) 94ए. वरचा, नटाकडचा कोन (शंकूसारखं निमुळतं बुशिंग) 90एच ठेवला.

खालच्या बुशिंगवर भार जास्त येतो. ते कडक असलं की बोर्ड मध्यावर परत येतो, आणि वरचं तुलनेने मऊ असल्याने वळणाची सुरुवात सहज होते.

नट 9/16 इंची पान्याने काढला. बसवताना क्रम असा: मोठा वाटीदार वॉशर, बॅरल, हँगर (चाकांचा आस असलेला भाग), कोन, लहान वॉशर, नट. कोनाची अरुंद बाजू नटाकडे. ही बाजू उलटी बसली तर कोन हँगरच्या बैठकीत नीट बसत नाही आणि कडेने लवकर फाटतो. दोन्ही वॉशरची वाटी बुशिंगकडेच हवी. वाटी रबराला कडेने धरून ठेवते. सपाट वॉशर टाकला तर रबर बाहेर फुगायला मोकळं होतं, आणि तेच बुशिंग जास्त मऊ लागतं. नवीन बुशिंग घेण्याआधी वॉशरची अदलाबदल करून पाहावी, फरक चांगलाच कळतो.

नट आधी हाताने टेकवला, मग पान्याने नटातल्या नायलॉनच्या कड्यातून पुढे नेला. वॉशर बोटाने फिरेनासा झाला तिथे थांबवून नटावर आणि वॉशरवर मार्करची रेघ मारली. किंगपिनला (हे सगळे भाग ज्यात ओवलेत त्या बोल्टला) इंचाला 24 आटे, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात नट साधारण 1.06 मिलिमीटर सरकतो. पाव फेरा जेमतेम पाव मिलिमीटरचा, तरी पायाला लगेच जाणवतो. म्हणून बदल पाव पाव फेऱ्यानेच, आणि दोन्ही ट्रकना सारखाच. नायलॉनच्या पुढे निदान एक आटा दिसायलाच हवा, नाहीतर नट आपोआप सैल होत जातो.

पहिल्या दोन-तीन फेरफटक्यांत नवी जोडी ताठच वाटते. तेव्हा नट सैल करू नये. युरेथेन बसलं की तो पुन्हा आवळावा लागतो. थंडीत हेच रबर आणखी कडक होतं, त्यामुळे सकाळच्या गारव्यात लावलेला नट दुपारी सैल भासतो.

वळताना येणारी करकर मात्र बुशिंगची नव्हती, पिव्हट कपची (हँगरचं टोक ज्यात टेकतं त्या लहान वाटीची) होती. हँगर काढून कपात मेणाचे चार तुकडे किसून टाकले, आवाज गेला. तेल टाकू नये, त्यावर धूळ चिकटते आणि कप झिजतो.

सध्या चाक घासत नाही, वळणही हलकं आहे. मागच्या ट्रकला पाव फेरा अजून हवासा वाटतोय. तो रबर पूर्ण बसल्यावरच.