कुत्रा चावला, आणि सिरमसाठी दमछाक झाली

कुत्रा चावला तर जखम आधी वाहत्या नळाखाली धरा. साबण लावून पंधरा मिनिटं, घड्याळ बघून. हळद-चुना काही लावायचं नाही. हे वरच लिहून टाकते, नाहीतर पुढे रागाच्या भरात राहून जाईल.

मी व्हीगन आहे, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काही वापरत नाही. मानपाड्याला सोसायटीच्या गेटबाहेर कुत्र्यानं पोटरी धरली. लस लगेच मिळाली आणि ती घेताना मी काचकूच केली नाही. रेबीजची लस व्हेरो पेशींवर वाढवतात (१९६२ साली आफ्रिकन माकडाच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या, तेव्हापासून जगवत आणलेल्या पेशी), नाहीतर कोंबडीच्या भ्रूणपेशींवर. पण लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. व्हीगन सोसायटी या ब्रिटिश संस्थेच्या व्याख्येतसुद्धा 'शक्य आणि व्यवहार्य असेल तिथपर्यंत' असंच म्हटलंय.

घोडं अडलं ते सिरमपाशी, अक्षरशः. रक्त आलं होतं, म्हणजे कॅटेगरी तीन, चाव्याचा सगळ्यात गंभीर प्रकार. लसीचा परिणाम व्हायला वेळ लागतो, म्हणून जखमेत तयार अँटिबॉडी (विषाणूला रोखणारी प्रथिनं) टोचतात, तेच हे सिरम. स्वस्तातलं सिरम घोड्याचं. घोड्याला लस टोचत राहायची आणि त्याचं रक्त काढायचं. माणसाच्या रक्तापासूनचं महाग. तिसरी मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींवर बनवलेली; ती भारतातच बनते. मी ती मागितली.

दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, सिरम म्हणजे सिरम. इंजेक्शनात व्हेज-नॉनव्हेज नसतं."

मागचे काका हसले. मी खोक्यातला माहितीचा कागद मागितला. "तो पेशंटला देत नाही." डॉक्टर? राउंडला. मी पुन्हा समजावलं, बाईंनी पुन्हा "बसा" म्हटलं. पोटरी ठणकतेय आणि मी बाकावर बसून घोड्यांवर वाद घालतेय. शेवटी वैतागून म्हटलं, ठीक आहे, घोड्याचंच द्या, जीव महत्त्वाचा. तर म्हणाल्या, "ते तर संपलंय. बाहेरून आणावं लागेल." मग इतका वेळ आपण भांडत कशावरून होतो, बाई?

नवऱ्यानं नौपाड्यातल्या एका मेडिकलमधून मोनोक्लोनलच मिळवली, बर्फाच्या पिशवीत घालून आणली. डोस वजनावर ठरतो, तेव्हा आणायला जाणाऱ्याला खरं वजन सांगून पाठवा. डॉक्टर आले, खोकं बघितलं, "छान, हेच चालेल" म्हणाले आणि दोन मिनिटांत टोचून मोकळे.

ही अँटिबॉडीसुद्धा हॅमस्टरच्या पेशींवर बनते, हे मला ठाऊक होतं. सासूबाई म्हणाल्या, "एवढं करून शेवटी उंदीरच ना!" असू दे. त्या पेशी वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत वाढतायत, दर डोसामागे कुणाचं रक्त काढावं लागत नाही. मला तेवढा फरक पुरतो. मात्र ती मिळेपर्यंत थांबायचं म्हणून घोड्याचं सिरम नाकारू नका. लसीचे ठरवून दिलेले सगळे डोस पूर्ण करा. पालिकेच्या दवाखान्यात लस फुकट असते.

आणि हो, सोबत अँटिबायोटिक लिहून दिलं तर कॅप्सूलऐवजी गोळी मिळते का ते विचारा. कॅप्सूलचं टरफल बहुधा जिलेटिनचं असतं, आणि औषधाच्या पाकिटावर हिरवा ठिपका शोधून सापडत नाही.