ऑप-अँपच्या सप्लायला कोणता कपॅसिटर? धुळ्यातला माझा अनुभव

वडिलांच्या अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी नीट ऐकता याव्यात म्हणून मी एनई५५३२ या ऑप-अँपवर (सिग्नल मोठा करणारी आयसी) प्रीअँप, म्हणजे कॅसेटचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट, करायला घेतला. सप्लाय साधा: १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, ७८१२ आणि ७९१२ (अधिक आणि उणे १२ व्होल्ट स्थिर देणारे रेग्युलेटर). बोर्ड विकतचा. आवाज आला, पण वरच्या पट्टीत गाणारी बाई खरखरायची आणि आयसीवर बोट टिकत नव्हतं. ५५३२ नुसती बसून असली तरी ८ मिलिअँपिअरच्या आसपास करंट खाते, त्यामुळे कोमट लागतेच. ही मात्र चटका देत होती.

ओळखीच्या सरांनी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये स्कोप (सिग्नलची रेघ पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावू दिला. १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह सोडली, तर रेघेऐवजी धुरकट जाड पट्टा. टाइम बेस ताणला तसं त्यात मेगाहर्ट्झमधलं ऑसिलेशन, म्हणजे आयसीचं आपणहून थरथरणं, दिसलं. ते कानाला कळत नाही, पण आयसी तापते आणि गाणं बिघडतं. सर म्हणाले, "सप्लायचे कपॅसिटर आयसीपासून किती लांब आहेत ते बघ."

पाहिलं तर १०४ (१०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर) होते, पण बोर्डाच्या कडेला, चारेक सेंटिमीटरवर. तारेच्या दर मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री इंडक्टन्स (बदलत्या करंटला होणारा अडथळा) धरतात. जाऊन-येऊन ८० नॅनोहेन्री झाले, तर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर पावणेदोन मेगाहर्ट्झच्या वर कॉइलसारखा वागू लागतो. ५५३२ चालते १० मेगाहर्ट्झपर्यंत. कपॅसिटर म्हणजे आयसीला झटपट करंट देणारा जवळचा साठा; विहीर शेताच्या टोकाला असली तरी चुलीपाशी माठ लागतोच.

मग दुकान. "काय जोयजे भाऊ?" काकांनी पुढे तीन प्रकार ठेवले. पॉलिप्रॉपिलीन मी बाजूला सारला. सिग्नलच्या वाटेत तो उत्तम, पण इथे त्याचं अंग मोठं आणि आयसीला खेटून बसत नाही. तपकिरी सिरॅमिक डिस्क स्वस्त, पण त्यात वाय५व्ही हा हलका प्रकार निघाला तर उष्णतेत त्याची क्षमता तब्बल ८२ टक्क्यांनी घसरू शकते, आणि आमच्याकडे मे महिन्यात बंद डब्यात काय होतं ते सांगायला नको. घेतला तो पिवळा मल्टिलेअर सिरॅमिक, एक्स७आर प्रकारचा, ५० व्होल्टचा. उणे ५५ ते १२५ अंशांत तो १५ टक्क्यांपेक्षा जास्त हलत नाही. सिरॅमिकने आवाज बिघडतो असं बरेच जण म्हणतात. सिग्नलच्या वाटेत एक्स७आरबाबत ते खरं आहे. सप्लायला मी तो बिनधास्त लावतो.

त्याचे पाय अगदी आखूड कापून बोर्डाच्या मागून थेट ४ आणि ८ नंबरच्या, म्हणजे सप्लायच्या, पिनांत सोल्डर केला. ग्राउंडला मुद्दाम जोडला नाही, कारण आउटपुट स्टेजचे अर्धे-अर्धे करंट सिग्नलच्या ग्राउंडमध्ये मला नको होते. सप्लाय बोर्डात येतो तिथे दोन्ही बाजूंना ४७ मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंशांचे इलेक्ट्रोलिटिक ग्राउंडला दिले. यांचा थोडासा ईएसआर (आतला रोध) इथे कामाचा, सिरॅमिकबरोबर होणारं रेझोनन्स तो दाबतो. म्हणून भारी लो-ईएसआर शोधत बसलो नाही.

पट्टा गेला, रेघ बारीक झाली, आयसी कोमटावर आली. वडिलांनी पूर्ण कॅसेट ऐकली आणि दुसरी बाजू लावायला सांगितली.

आता लॅमिंग्टन रोडवरून एलएम४५६२ मागवली आहे. तिचा गेन-बँडविड्थ, म्हणजे वेगाची मर्यादा, ५५ मेगाहर्ट्झ. म्हणून वाट आणखी आखूड करायला तिच्यासाठी सॉकेट काढून टाकणार आहे, आयसी थेट बोर्डावर आणि १०४ तिच्या पोटाखाली.