स्पेक्ट्रम प्लस, इंदूर : आधी कॅसेट, मग मशीन

काकांच्या स्पेक्ट्रम प्लसचं, म्हणजे सिंक्लेअर कंपनीच्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरचं, दुरुस्तीचं काम या पावसाळ्यात बरंच पुढे सरकलं. बोर्ड सुरू झालाय, चित्र स्वच्छ येतंय, कीबोर्डच्या मात्र दोन ओळी मुक्या आहेत. तरी सुरुवात कॅसेटपासून करतो, कारण याचे प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवलेले असतात. मशीन आणखी काही वर्षं पेटीत पडून राहिलं तर फारसं बिघडत नाही, कॅसेटचं तसं नाही. शिवाय बाजारात विकल्या गेलेल्या बहुतेक गेम्स जगात कुणी ना कुणी जपून ठेवल्याच आहेत. काकांनी रामबागेतल्या घरी बसून बेसिक या भाषेत लिहिलेला प्रोग्राम त्या एका कॅसेटखेरीज कुठेही नाही. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं हे मशीन परवाना घेऊन भारतात विकलं होतं, आमचंही पुण्याच्या मामांकरवीच इथे आलं. तुमच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल तर सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी तिचं आजच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करून घ्या.

टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर लगेच वाजवू नका, ती हेडला (डेकच्या टेप वाचणाऱ्या भागाला) लागते आणि पुढच्या कॅसेटलाही जाते. टेप ठीक असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळा. डेक जुना चालेल, बेल्ट नवा हवा. महाराणी रोडवर मापाचा बेल्ट अजून मिळतो, जुना सोबत नेला की दुकानदार लगेच जुळवून देतो. डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद. रेकॉर्डिंग ४४,१०० हर्ट्‌झवर, वेव्ह फाइलमध्येच. एमपी३ नको आणि आवाज ‘साफ’ करणारं कुठलंही फिल्टर नको. स्पेक्ट्रमचा ० म्हणजे साधारण २०४७ हर्ट्‌झची एक लाट आणि १ म्हणजे तिच्या निम्म्या वेगाची. फिल्टरनं कडा बोथट झाल्या की हा फरकच पुसला जातो.

हेडशेजारच्या छोट्या स्क्रूकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. ज्या रेकॉर्डरवर कॅसेट भरली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन एकच असेल याची काही खात्री नाही. डेटा सुरू होण्याआधीचा लांब, एकसुरी आवाज (सुमारे ८०० हर्ट्‌झ) लावा आणि तो जास्तीत जास्त टोकदार ऐकू येईपर्यंत स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवा. डेक स्टिरिओ असेल तर दोन्ही चॅनेल वेगळे ठेवा, अनेकदा एकच चॅनेल शाबूत असतो. मग फ्यूज एम्युलेटरसोबतच्या (आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामसोबतच्या) साधनांपैकी ‘ऑडिओ२टेप’ला ती फाइल द्या, ते आवाजातून डेटा काढतं. प्रत्येक ब्लॉकच्या, म्हणजे डेटाच्या सलग तुकड्याच्या, शेवटी वाचन बरोबर झालं का हे तपासणारा एकच चेकसम बाइट असतो, त्यामुळे एक बिट चुकला तरी तक्रार अगदी शेवटी येते. म्हणून त्याच बाजूची दोन-तीन रेकॉर्डिंग ठेवावीत. एकीत तुटलेला ब्लॉक दुसरीत सापडतो.

काकांचा प्रोग्राम असाच वाचला. तो चालवला आणि पडद्यावर देवनागरी आली! स्पेक्ट्रम वापरकर्त्याला स्वतःची २१ अक्षरं काढू देतो, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांचं. बाराखडीला ती कुठली पुरणार? काकांनी २३६०६ आणि २३६०७ या मेमरीच्या पत्त्यांवर पोक करून (बेसिकच्या आज्ञेनं थेट आकडे लिहून) अख्खा अक्षरसंचच बदलला होता, ९६ अक्षरं, ७६८ बाइट. प्रत्येक अक्षराची वरची ओळ २५५, म्हणजे आठही ठिपके भरलेले, त्यामुळे शेजारशेजारची अक्षरं आपोआप एका शिरोरेषेत जुळतात. ‘म’च्या खालची गाठ त्यांनी तीन ठिपक्यांत बसवली आहे. ती मी झूम करून कितीतरी वेळ पाहत होतो.

इथे एक सावधगिरी. असा प्रोग्राम थांबवला की लिस्टिंग आणि एरर मेसेजही त्याच अक्षरांत दिसतात, आणि बघणाऱ्याला रॅम गेल्यासारखं वाटतं. पोक २३६०६,० आणि पोक २३६०७,६० केलं की इंग्रजी अक्षरं परत येतात.

आता बोर्ड. याचा अडॅप्टर ९ व्होल्टचा, पण पिनेच्या आत ऋण आणि बाहेर धन, हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरांच्या उलट. मीटर लावल्याशिवाय पिन घालू नका. मूळ अडॅप्टर लोडशिवाय १२ व्होल्टच्याही वर दाखवतो, ते नॉर्मल आहे. यातल्या ४११६ नावाच्या रॅम (मेमरी) चिपना तीन व्होल्टेज लागतात: पाय १ वर उणे ५, पाय ८ वर १२, पाय ९ वर ५. उणे ५ नसताना मशीन चालू ठेवलं तर रॅम मरतात, म्हणून तिन्ही मोजा आणि काही कमी दिसलं तर तिथेच बंद करा. माझ्याकडे १२ आणि उणे ५ दोन्ही गायब होते, टीआर४ हा ट्रान्झिस्टर गेलेला. टीआर४ आणि टीआर५ दोन्ही एकदमच बदलले, सोबत सगळे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरही. पडदा काळा झाला, मग पांढरा, आणि खाली १९८२ ची सिंक्लेअरची कॉपीराइटची ओळ उमटली.

चित्रासाठी मॉड्युलेटरच्या (टीव्हीच्या अँटेनाजोगा सिग्नल बनवणाऱ्या डबीच्या) दोन्ही तारा सोडवून व्हिडिओची तार थेट सॉकेटच्या मधल्या पिनेला जोडली. काही कापलं नाही, पाहिजे तेव्हा पूर्ववत करता येईल.

पुढे कीबोर्डची मेम्ब्रेन, म्हणजे कळांखालचा संपर्काच्या पट्ट्यांचा पातळ प्लॅस्टिकचा थर. तिच्या पट्ट्या वाळून तडकल्यात, जोडत बसण्यात अर्थ नाही, नवी तयार मिळते, मागवली आहे. तोवर कॅसेटची दुसरी बाजू चालू आहे. तिथे ‘हिशेब’ नावाचं हेडर (डेटाआधी येणारा, प्रोग्रामचं नाव सांगणारा छोटा ब्लॉक) नीट वाचलं जातंय, डेटा अजून चेकसमवर अडतो.