हे पॅकेट आता कोणाचं?

मंगळवार, रात्री उशिरा

दुपारी आमच्या नेटवर्क चिपच्या लिनक्स ड्रायव्हरसाठी एक पॅच, म्हणजे कोडमधला बदल, तपासायला आला. जेमतेम नऊ ओळींचा. म्हटलं, पटकन उरकून टाकू. उरकेपर्यंत दिवस मावळला, आणि शेवटी परतच पाठवला.

बदलामागचं कारण रास्त होतं. इथरनेटची फ्रेम, म्हणजे तारेवर जाणारा डेटाचा एक गठ्ठा, किमान ६४ बाइटची लागते. त्यातले शेवटचे ४ चूक पकडणाऱ्या चेकसमचे, म्हणजे निदान ६० बाइट आपण द्यायचे. काही चिप कमी पडलेली जागा स्वतः भरून घेतात, ही घेत नाही. आमचा ड्रायव्हर नुसतीच लांबी ६० सांगून मोकळा व्हायचा आणि पॅकेटमागे मेमरीत जे पडलेलं असेल ते तारेवर जायचं. खोड जुनीच आहे. २००३ साली 'इथरलीक' नावाने ती गाजली तेव्हा बरेच ड्रायव्हर उघडे पडले होते.

पॅच लिहिणाऱ्या पोराने कर्नलमधलं तयार फंक्शन वापरलं, एसकेबी_पुट_पॅडटू. (एसकेबी म्हणजे कर्नल ज्यात पॅकेट ठेवतो तो बफर.) ते उरलेली जागा शून्यांनी भरतं. त्याच्या कोडप्रमाणे ते फसलं तर एसकेबी फ्री करायचं, म्हणजे त्याची मेमरी सोडून द्यायची, ड्रॉपचा, म्हणजे वाया गेलेल्या पॅकेटांचा, आकडा एकने वाढवायचा आणि 'ओके' परत करायचं. वाचायला इतकं नीटनेटकं की मी मंजुरीचा शेरा टाइपही केला होता. मग कशी कोण जाणे शंका आली आणि फंक्शनच्या वरची टिप्पणी उघडली. फसलं तर एसकेबी ते स्वतःच फ्री करतं! म्हणजे हा सरळ डबल फ्री, तीच मेमरी दोनदा सोडणं.

आणि फसतं कधी? मागे जागा नसेल तेव्हा नवी मेमरी मागावी लागते, ती मिळाली नाही तर. टेस्टमध्ये आठवडाभर छोटे पिंग मारत बसलात तरी हे दिसणार नाही. (ज्याच्या हाती दिलं त्यानेच परस्पर फेकून द्यावं आणि नावात त्याचा मागमूसही नसावा, हे मला आजही पटत नाही.)

डिफ, म्हणजे फक्त बदललेला भाग दाखवणारी यादी, वर-खाली तीनच ओळी दाखवतो, म्हणून पूर्ण फाइल उघडली. बरं झालं. फंक्शनच्या सुरुवातीलाच एसकेबीच्या डेटाचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, एका व्हेरिएबलमध्ये काढून ठेवलेला, आणि पुढे डीएमए मॅपिंग (चिपला मेमरीतून थेट वाचता यावं म्हणून करायची जुळणी) त्याच्यावरच. पॅडिंग करताना बफर नव्या जागी हलला तर तो पॉइंटर जुन्या, सोडून दिलेल्या मेमरीकडे बोट दाखवत राहणार. ही ओळ पॅचमध्ये नव्हतीच. इतके दिवस ती निरुपद्रवी होती, पॅचने तिला विषारी केलं.

डिस्क्रिप्टरचा ओनरशिप बिट ('बफर आता चिपचा' ही खूण) लावण्याआधीचा बॅरियर, म्हणजे मेमरीत लिहिण्याचा क्रम राखणारी सूचना, जागेवर होता. तिथे बोलण्यासारखं काही नव्हतं.

खात्रीसाठी फॉल्ट इंजेक्शन लावून मेमरी मुद्दाम नाकारली. मेमरीच्या चुका पकडणाऱ्या कॅसनने लगेच बोंब मारली. तो लॉग शेऱ्यासोबत जोडला. शेऱ्याचा पहिला मसुदा जरा मास्तरकीचा झाला होता, तो खोडला आणि लिहिलं की मीही आधी 'हो' म्हणणार होतो.

रात्री त्याचं उत्तर आलं. दोन्ही मुद्दे मान्य, वर एक प्रश्न: फ्री आपण करत नाही, मग ड्रॉपचा आकडा तरी वाढवायचा का?

वाढवायचाच, असं कळवलं. पॅकेट गेलंय ते गेलंयच, फक्त पुरलं दुसऱ्याने.