बाकरवडी आणि आईचे पोहे

आमच्याकडे बाकरवडी आली आहे. खायची नव्हे, डॅशहुंड जातीचं कुत्र्याचं पिल्लू. वय अडीच महिने, रुबाब पेशव्यांचा.

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आज दिवसभर एकच काम: झोपून उठली की उचल, खाल्लं की उचल, खेळून झालं की उचल आणि बाल्कनीतल्या पेपरवर ठेव. या वयात दोन-तीन तासांपलीकडे पिल्लांना शू धरवतच नाही. पेपरवर शू झाली की त्याच क्षणी पनीरचा कण. मिनिटभर उशीर झाला तर तिला वाटणार, बक्षीस शेपूट हलवल्याचं आहे.

खरं ट्रेनिंग आईचं चाललंय.

"घासभर पोहे दिले तर काय बिघडतं रे?"

अगं, कांदा! कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात त्याने, शिजवलेला असला तरी. मी सांगून पटलं नाही, डॉक्टरांनी सांगितल्यावर लगेच पटलं. (हे नेहमीचंच.)

कणा लांब, म्हणून जिना आणि सोफ्यावरून उड्या बंद. पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची भीती, म्हणून लसी पूर्ण होईपर्यंत बागही बंद. मग सोसायटीतल्या काकूच दर्शनाला वर येतात.

आत्ता माझी चप्पल चावतेय. डावीच. उजवीकडे ढुंकूनही बघत नाही.