गडाची वाट आणि सरकारी निधी : माझा अनुभव

आमच्या गावातून गडावर जाणारी वाट कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून चढते. पावसाचं पाणी वाटेवरूनच धावतं. मुरूम वाहून जात कमरेएवढी घळ पडली. ट्रेकर मग शेजारच्या कारवीच्या झुडपांतून चालू लागले आणि तिथंही घळ पडायला लागली.

ग्रामपंचायतीत गेलो, तर जमीन वनखात्याची, खर्च टाकता येत नाही. वनखात्याच्या कार्यालयात सांगितलं, पायऱ्या, कमान, निवाराशेड असं नवं काम सुचवा, पर्यटनातून बघू. नुसत्या दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे? याचा मला आजही राग येतो. सिमेंटच्या पायऱ्या आम्हाला नकोच होत्या. पाणी कडेनं माती खातं आणि दोन-चार पावसाळ्यांत पायऱ्या अधांतरी लटकतात.

मार्ग दाखवला तो वनरक्षकानं. घळीत उतरून म्हणाला, "सर, ही धूप आहे. मृदसंधारणात मागा. ओघळीवर अनगड, म्हणजे न घडवलेल्या दगडांचे बांध आम्ही घालतोच की."

मग १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घेतला. घळीत टेप धरून फोटो काढले, पावसाआधीचा आणि नंतरचा, जागा तीच. अंदाजपत्रकात सिमेंट नाही, यंत्र नाही. जागेवरचा दगड आणि गावची मजुरी, एवढंच. प्रस्ताव वनखात्यामार्फत जिल्हा वार्षिक योजनेत गेला. अंतिम शब्द जिल्हा नियोजन समितीचा, आणि तिचे अध्यक्ष पालकमंत्री. म्हणून आमदारांचं शिफारसपत्रही जोडलं. पुढचे महिने "फाईल वर गेलीय" हे ऐकण्यात गेले. दर वेळी फोटोंची एक प्रत टेबलावर ठेवून यायचो.

मंजुरी आली, पैसे उशिरा आले आणि ३१ मार्चच्या आत काम उरकायचं होतं. गावातल्या बायका-पुरुषांनी वाटेवर ठरावीक अंतरानं तिरपे दगड रोवले, दरीच्या बाजूला तोंड मोकळं ठेवून. जुलैत भर पावसात बघून आलो. पाणी दगडाला अडून बाहेर पडत होतं आणि वाटेवरचा मुरूम जागेवर होता.

पण दगडांमागे गाळ साचतो. मेमध्ये तो उपसला नाही, तर पाणी वरून उडी मारून पुन्हा वाट धरतं. त्यासाठी दरवर्षी थोडी मजुरी लागते आणि मंजुरी होती एकाच वर्षाची. आता आमची मागणी तेवढीच आहे. तुमच्या गडासाठी मागणार असाल तर फोटो जुलैत काढा, ठराव ऑगस्टमध्ये घ्या आणि दिवाळीआधी प्रस्ताव देऊन पोच घ्या. जिल्ह्याचा पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यातच ठरतो.