कागदावरची धुनी

नववीत शिकणारी माझी भाची गेल्या दिवाळीपासून एक कादंबरी लिहीत आहे. कादंबरीचे पहिले वाक्य अद्याप कागदावर उतरलेले नाही; नकाशा मात्र रंगांसकट तयार आहे. पूर्वेला मुख्यभूमी, पश्चिमेला बेट आणि दोहोंच्या मधून जाणारा निळा पट्टा, ज्याला तिने 'सांजधुनी' असे नाव दिले आहे. का, तर ऐकायला बरे वाटते म्हणून. या पाण्यातून तिचा राजपुत्र मध्यरात्री चालत बेटावर जाणार आहे.

"त्या रात्री भरती केव्हा आहे?" मी विचारले.

"मामा, ही काल्पनिक सामुद्रधुनी आहे," ती म्हणाली.

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला आणि रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये माझ्या आयुष्याचे बरेच तास गेले असल्यामुळे हे उत्तर मला मानवले नाही. बेट खुशाल काल्पनिक असावे, राजपुत्र तर असावाच. पण ज्या पाण्याला दोन्ही टोकांना समुद्र आहे, त्या पाण्याला चंद्राचे ऐकावेच लागते. शिवाय नकाशावर सामुद्रधुनीची रुंदी एकच दिसते, प्रत्यक्षात ती दर तासाला वेगळी असते. ग्रीसची मुख्यभूमी आणि युबिया बेट यांच्यामधली युरिपसची सामुद्रधुनी सर्वांत चिंचोळ्या जागी जेमतेम 40 मीटर रुंद आहे, आणि तिथला प्रवाह दिवसातून अनेकदा उलटा फिरतो. एवढ्याशा पाण्याला इतका लहरीपणा शोभत नाही, पण ते खरे आहे.

तिच्या नकाशात एक गोष्ट मात्र नकळत फार चांगली जमली होती. बेट लांबट असल्यामुळे भरतीचे पाणी उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून असे दोन्ही तोंडांनी आत शिरणार, आणि मध्ये कुठेतरी समोरासमोर येऊन थबकणार. जिथे पाणी थबकते तिथे त्याने वाहून आणलेला गाळ खाली बसतो, गाळाची दांडी तयार होते, कडेला तिवरे उगवतात. चालत जाणाऱ्या राजपुत्राला वाट मिळाली तर ती इथेच. तोंडाशी, जिथे पट्टा आवळलेला आहे, तिथे तेवढेच पाणी कमी जागेतून जात असल्याने ओढ जबर असते आणि तळही खरवडून खोल होतो.

मुंबईकराला हे सारे परके वाटू नये, कारण आपण बुजवलेल्या धुनींवरूनच रोज ये-जा करतो. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी शहराच्या पोटात शिरत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात तिथे बांध पडला, आणि आज त्याच जागेवरच्या लाला लजपतराय मार्गावर आपण सिग्नल सुटण्याची वाट पाहत बसतो. कुलाब्याचा कॉजवे 1838 चा, माहीमचा 1845 चा. पाणी गेले, नावे राहिली. उमरखाडीत खाडी नाही. पायधुनीला ओलांडताना पाय धुवावे लागत, असे सांगतात. तिथे आता ओली असते ती फक्त पावसाळ्यातली चप्पल. (सामुद्रधुनीतली 'धुनी' म्हणजे संस्कृतातली नदी आणि पायधुनीतली धुण्यावरून आलेली, तरी हे दोन शब्द शेजारी ठेवण्याचा मोह मला आवरत नाही.)

तर राजपुत्र. आपल्याकडे भरतीचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. मध्यरात्री ओहोटी हवी असेल तर अष्टमी घे, मी सांगितले. शुद्ध अष्टमी घेतलीस तर त्याच सुमारास चंद्रही मावळेल आणि पहारेकऱ्यांना काही दिसणार नाही. ती खूश झाली. मग मला आठवले की अष्टमीचे पाणी भांगाचे. ते फार चढत नाही, तसे फार उतरतही नाही. गाळाची दांडी उघडी पडणार नाही आणि राजपुत्र कमरेपर्यंत भिजेल.

"मग दांडी उघडी कधी पडते?"

उधाणाला, म्हणजे अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास. त्या दिवशी भरती बाराला, ओहोटी सहाला. अमावास्या घेतली, त्यातही हिवाळ्यातली, तर सूर्य नुकताच बुडालेला, आकाशात चंद्र नाही आणि पाणी पार मागे हटलेले. तिने मध्यरात्र खोडून तिन्हीसांज लिहिली आणि मग नकाशावरच्या नावाकडे जरा वेळ पाहत राहिली.

"पण मामा, तो परत कधी येणार?"

पुढची ओहोटी सव्वाबारा तासांनी, म्हणजे सकाळी साडेसहाच्या सुमारास.

"तेव्हा तर उजाडत आलेलं असेल!"

तिने पेन्सिल उचलली आणि बेटाच्या काठावर एक होडी काढायला घेतली.